राजधानी आणि हॅनिबलच्या ऐरणी

ठरल्याप्रमाणे तोफ वाजली तर एकदाच वाजायची होती. कौन्सिलने आमच्या गावच्या, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या, बाजूने कौल दिला, की वर टेकडीवरून कुणीतरी रुमाल हलवणार, खाली नदीकाठी म्हातारा मर्डो बत्ती लावणार, आणि अख्ख्या गावाला कळणार की राजधानी इथंच राहिली. कौल व्हिक्टोरियाच्या बाजूने गेला तर काहीच वाजायचं नव्हतं. त्यामुळे सकाळी दहापासून जाबेझ ट्रेगियर घराच्या पायरीवर बसून न वाजणारी तोफ ऐकत होता.

दोन वर्षांपूर्वी इंग्रजांच्या दोन वसाहती, बेटावरची आणि इकडची नदीकाठची आमची, एक झाल्या. लग्न लागलं, पण बिऱ्हाड कुणाच्या घरी थाटायचं ते काही ठरेना. बेटावरचे लोक म्हणत, व्हिक्टोरिया. आम्ही म्हणत होतो, वेस्टमिन्स्टर. गव्हर्नर इकडे राहायचा आणि तिकडचा विचार करायचा.

जाबेझला मात्र विचार करायचा प्रश्नच नव्हता. नऊ वर्षांपूर्वी लष्कराच्या बांधकाम तुकडीतून तो इथं उतरला तेव्हा इथं गाव नव्हतं, आभाळाला टेकलेले देवदार होते. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ते पाडले, दोऱ्या लावून रस्ते आखले, आणि नकाशावर राणीने स्वतः निवडलेलं नाव लिहिलं. तुकडी मोडली तरी तो लोहारकाम करत इथंच राहिला. घरासमोर एक खोड एवढं रुंद होतं, की ते जळेना आणि उपटेना. शेवटी त्याने त्यावर बापाची ऐरण ठेवली आणि त्याच्याभोवती भट्टी बांधली. राजधानी गेली तर सरकार जाणार. सरकार गेलं तर कौन्सिलचा सदस्य असलेला त्याचा मेहुणा डिगोरी जाणार, डिगोरीबरोबर बहीण लव्हडे जाणार, आणि लव्हडेकडे राहणारी आईही जाणार. जाबेझने हे सगळं कधीच मोजून ठेवलं होतं.

"आत ये," आतून आईची हाक आली. "बसून तोफ वाजत नसते."

"सभा लांबली वाटतं."

"पंधरा-वीस पुरुष एका खोलीत बोलायला बसलेत. लांबेल नाही तर काय?"

थॉमसीन ट्रेगियर सकाळपासूनच मुलाच्या घरी येऊन ठाण मांडून बसली होती. कोपरापर्यंत पीठ लागलेलं. मायदेशी, कॉर्नवॉलमध्ये, खाणीवर जाणाऱ्या माणसांसाठी तिने जन्मभर पास्ट्या केल्या, आणि इथंही तीच पद्धत: गोमांस, बटाटा, सलगम भरायचं, कणीक दुमडून काठ वळायचा, आणि एका टोकाला ज्याची पास्टी त्याच्या नावाचं अक्षर कोरायचं. खाणाऱ्याने दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची. म्हणजे मध्येच उठावं लागलं तरी उरलेला तुकडा कुणाचा ते कळतं.

जाबेझने परातीकडे बघितलं. स्वतःचं अक्षर, बायकोचं, लव्हडेचं, डिगोरीचं, आईचं. आणि सहावी पास्टी.

"हे कुणाचं अक्षर?"

"वाचता येतं ना तुला?"

"आई, तू त्याला बोलावलंस?"

"माझा मुलगा आहे. त्याला बोलवायला मी कौन्सिलची परवानगी काढू का?"

जाबेझ काही बोलणार, तेवढ्यात फाटक वाजलं. होझिया आलाच. व्हिक्टोरियाच्या बोटीने सकाळीच उतरला होता. नवा कोट, नवी टोपी, आणि घोट्यापर्यंत आमच्या गावचा चिखल. काखेत संत्र्यांची पेटी.

दोघा भावांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. दोन वसाहती एक झाल्या त्याच महिन्यात ट्रेगियरांचं घर फुटलं. राजधानी व्हिक्टोरियाला न्यावी अशा अर्जावर होझियाने सही केली, जाबेझने ती बघितली, आणि त्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते आमच्या घरात आजही कुणी पूर्ण सांगत नाही. होझिया बेटावर गेला आणि तिथं लोखंडी सामानाचं दुकान काढलं. जाताना बापाची दुसरी ऐरण, धाकटी, घेऊन गेला. तिला सोनेरी मुलामा देऊन त्याने ती दुकानाच्या दारावर मांडली होती. मुलाम्याची बातमी जाबेझपर्यंत पोचली तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता, असं म्हणतात. मला वाटतं, एक दिवस.

"आई," होझिया दारातच म्हणाला, "ह्याला विचार, चिखल पुसायला काही आहे का."

"आई," जाबेझ म्हणाला, "त्याला सांग, इथं चिखल पुसत नाहीत. इथं चिखलात राहतात. ज्यांना जमत नाही ते बेटावर जातात."

"सांगितलं," आई म्हणाली. "दोघांनाही सांगितलं. आता हात धुवा."

स्वयंपाकघरामागच्या ओसरीत लव्हडे येऊन बसली तेव्हा तिची भावजय सिसील मासे परतत होती. नदीला एप्रिलमध्ये येणारे ते बारीक, चांदीसारखे, तेलकट मासे. त्यांच्याच तेलात ते तळले जातात. सिसील नदीवरच्या मूळच्या रहिवाशांतली, क्वांटलेन लोकांतली. जाबेझने लग्न केलं तेव्हा गावातल्या बायकांनी नाकं मुरडली होती, आणि सिसीलच्या आईनेही मुरडली होती, कारण जावयाला होडी वल्हवता येत नव्हती.

"वास येतोय का तुला?" सिसीलने विचारलं. लव्हडेला पाचवा महिना होता.

"येऊ दे. आज सगळ्याचाच वास येतोय." लव्हडेने शाल आवळली. "वहिनी, तुला एक सांगू? दादाला सांगायचं नाही."

"मग मला कशाला सांगतेस? मला पण त्याच घरात राहायचंय."

"डिगोरीला मीच सांगितलंय. मत व्हिक्टोरियाला दे म्हणून."

सिसीलने झारा थांबवला, पण मासे करपतील म्हणून लगेच पुन्हा हलवला.

"मेलियोरमुळे," ती म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

लव्हडेने मान हलवली. दोन हिवाळ्यांपूर्वी तिची पहिली मुलगी जन्माला आली त्याच आठवड्यात नदी गोठली. डॉक्टर पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी शेतावर अडकला होता. बोट चालेना, बर्फ वजन पेलेना. जाबेझ पोटावर झोपून, पुढे फळी सरकवत, सरपटत नदी ओलांडून गेला, आणि डॉक्टरला तसाच ओढत घेऊन आला. दोघं पोचले तेव्हा उशीर झाला होता. मेलियोर चार दिवस जगली. पुढचे कित्येक आठवडे जाबेझच्या हातांची कातडी सोलून निघत होती.

"तिकडं समुद्र गोठत नाही," लव्हडे म्हणाली. "बाकी मला काही नको. मला तिकडचे गालिचे नकोत, नाच नकोत. पण जानेवारीत बोट चालली पाहिजे. आणि हे मी दादाला कसं सांगू? तो बर्फावरून गेला होता, वहिनी. माझ्यासाठी. त्याला मी म्हणू, की तुझं गाव मला पुरलं नाही?"

तिला रडू आलं. सिसीलने झारा ठेवला आणि तिच्या पाठीवर तेलकट हात ठेवला. शालीवर तो डाग नंतर कधी गेला नाही.

"तुम्ही लोक फार बोलता," सिसील थोड्या वेळाने म्हणाली. "कुठं राहायचं ह्यावर दोन वर्षं! आमच्यात हिवाळ्याची जागा वेगळी, माशांची वेगळी. पोरं घ्यायची, होडीत बसायचं. इथं ह्याच काठावर आम्ही जाळी टाकायचो. तुझ्या दादाने त्या जागी रस्ता आखला आणि मला विचारलं, कसा आहे. मी म्हटलं, सरळ आहे."

लव्हडे रडता रडता हसली.

"तू कुणाच्या बाजूची, वहिनी?"

"मी तुझ्या बाजूची. पण मासे खाताना मी त्याच्या बाजूला बसणार. त्याला आज कुणीतरी लागेल."

डिगोरी दीड वाजता आला. तोफ वाजलेली नव्हती.

तो पायऱ्या चढत असताना होझिया खिडकीतून बघत होता, आणि डिगोरीच्या चालीवरून त्याला कळलं, की आपण जिंकलो. ह्या क्षणाची त्याने दोन वर्षं वाट बघितली होती. बोटीत सकाळी त्याने एक वाक्यसुद्धा तयार केलं होतं, जाबेझला ऐकवायला. आता भावाची पाठ समोर होती, पायरीवर बसलेली, तोफेकडे कान लावलेली, आणि ते वाक्य त्याला आठवेना. आठवलं तेव्हा बोलावंसं वाटेना.

"जेवायला बसा," आई म्हणाली. "बातमी नंतर."

"सासूबाई, बातमी..."

"जावईबापू, बातमी गार होत नाही. पास्टी होते. बसा."

सगळे बसले. पाच मिनिटं नुसता काट्यांचा आवाज. होझियाने आपल्या पास्टीवरचं अक्षर बघितलं. त्याने ती नेहमीसारखी दुसऱ्या टोकापासून खायला घेतली. दोन वर्षांत व्हिक्टोरियात त्याने पुष्कळ चांगलं खाल्लं होतं, पण त्याच्या नावाचं असं काही खाल्लं नव्हतं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि सलगमावर फुंकर मारली.

"गरम आहे," तो म्हणाला.

शेवटी जाबेझनेच विचारलं. "किती?"

डिगोरीने रुमालाने मिशा पुसल्या. डिगोरी हा माणूस कसा होता ते एका वाक्यात सांगायचं तर: त्याच्यावर कुणी कधी रागावलं नव्हतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"चौदा विरुद्ध पाच."

"पाच व्हिक्टोरियाला?"

"पाच आपल्याला, जाबेझ."

जाबेझने सुरी ताटाच्या कडेला नीट ठेवली.

"चौदा," तो म्हणाला. "म्हणजे एका मताचा प्रश्नच नव्हता. महिनाभर मी तुझ्या मागे लागलोय. तुझ्या घोड्याला नाल मारून दिले..."

"उत्तम नाल आहेत."

"...आणि तू मत कुणाला दिलंस?"

"तुला शब्द दिला होता तिथंच. वेस्टमिन्स्टरला. पाचांपैकी एक मी."

लव्हडेने झटकन नवऱ्याकडे बघितलं. "वेस्टमिन्स्टरला? डिगोरी, मला तू शपथ घेऊन सांगितलं होतंस!"

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. उशीर झाला होता. होझियाने डोळे मिटले. सिसीलने माशांची ताटली उगाचच जाबेझकडे सरकवली.

डिगोरी मात्र शांत होता. "लव्हडे, नीट ऐक. मी नाश्त्यालाच डोकी मोजली. तेरा जण पक्के व्हिक्टोरियाचे होते, चौदावा नक्की होणार होता. तुझी इच्छा पूर्ण होणारच होती, माझ्या मताशिवाय. मग मी विचार केला, एक मत मोकळं आहे तर जाबेझचा शब्द का मोडा? तुला व्हिक्टोरिया मिळालं, त्याला माझं मत मिळालं. दोघांनाही दिलेलं पाळलं." तो सगळ्यांकडे बघून हसला. "असा दिवस राजकारणात रोज येत नाही."

"गाढवा," होझिया म्हणाला.

"होझिया!" आई म्हणाली, पण तिचा सूर काही नाराजीचा नव्हता.

जाबेझ डिगोरीकडे बघतच नव्हता. तो बहिणीकडे बघत होता.

"तुझी इच्छा?" तो म्हणाला. "मला वाटलं ह्याचे कान तिकडच्या व्यापाऱ्यांनी भरले असतील. होझियाने भरले असतील."

"मी ह्याच्याशी बोललोसुद्धा नाही," होझिया म्हणाला, आणि लक्षात आलं की दोन वर्षांत पहिल्यांदा तो भावाशी थेट बोलला होता. जाबेझच्याही लक्षात आलं असावं, पण त्याने दाखवलं नाही.

"दादा," लव्हडे म्हणाली. तिचे हात पोटावर होते. "नदी गोठते, दादा."

तेवढंच. जाबेझने आपल्या हातांकडे बघितलं. मग तो उठला, खुर्ची आत सरकवली आणि बाहेर भट्टीकडे गेला. त्याची पास्टी अर्धी राहिली होती, अक्षराकडची.

आईने ती कापडात गुंडाळली आणि त्याच्या मागे निघाली.

थॉमसीनला भट्टीचा वास आवडायचा. चाळीस वर्षं ती त्या वासाशेजारी झोपली होती. नवऱ्याच्या, हॅनिबलच्या, दोन ऐरणी होत्या: थोरली कामाला, धाकटी उत्सवाला. आमच्या कॉर्नवॉलमध्ये लोहार ऐरणी उडवतात. एक ऐरण सरळ ठेवायची, तिच्यावरच्या चौकोनी भोकात बंदुकीची दारू भरायची, वर पत्त्यांतलं एक पान झाकायचं, दुसरी ऐरण तिच्यावर उलटी ठेवायची, आणि लांब तापलेल्या सळईने बत्ती द्यायची. आवाज असा होतो की समुद्रावरची पाखरं उठतात. हॅनिबल लग्नाला उडवायचा, नाताळला उडवायचा, आणि घरात मूल जन्मलं की एक. तिची तिन्ही मुलं त्या आवाजात जन्माला आली. लव्हडेच्या लग्नात दोघा भावांनी मिळून उडवली होती, ह्याच खोडावर. मेलियोरची राहिली. चार दिवसांच्या मुलीसाठी कुणाला सुचलं नाही.

जाबेझ ऐरणीवर बसला होता.

"उठ तिथून. तुझा बाप कधी तिच्यावर बसला नाही."

तो उठला. तिने त्याच्या हातात पास्टी दिली.

"तू जाणार?" त्याने विचारलं.

"बाळंतपण माझ्याशिवाय कोण करणार? डिगोरी?"

"नंतर?"

"नंतरचं नंतर." तिला खोटं बोलायचं नव्हतं. "मूल लहान असेल. वर्ष तरी लागेल. मला जायचं नाहीये, जाबेझ. पण जाणार."

तो खात राहिला. कोपऱ्यापर्यंत आला, अक्षरापर्यंत, आणि तिथं थांबला.

"मला त्या पोरीचा राग नाही," तो म्हणाला. "मलाच सुचायला हवं होतं. मी इथं एवढे रस्ते आखले आणि नदीचा विचार केला नाही."

"नदी तू गोठवलीस का?"

"नाही."

"मग खा."

त्याने खाल्लं. मग नाक ओढलं आणि म्हणाला, "तोफाही नेणार म्हणे. सरकारी आहेत. राणीच्या वाढदिवसाला एकवीस बार कशाचे काढायचे आम्ही? पातेली वाजवू?"

थॉमसीनने ऐरणीवरून हात फिरवला. तिच्या मनात जे आलं ते जाबेझच्याही मनात आलं होतं हे तिला दिसत होतं, कारण त्याने पटकन मान वळवली.

"दुसरी त्याच्याकडे आहे," तो म्हणाला. "सोन्याची करून ठेवलीय. मी मागणार नाही."

"मी कुठं म्हटलं माग?"

"आणि तूही मागायची नाहीस."

"मी कुणाकडे काही मागत नाही," थॉमसीन म्हणाली. हे खरं होतं. ती फक्त सांगायची.

पण ह्या वेळी तिने सांगितलंही नाही. त्या दुपारी ओसरीत होझिया बुटांचा चिखल खरवडत बसला होता. सिसील त्याच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तोफा गेल्यावर तो राणीच्या वाढदिवसाला, चोवीस मेला, गावाबाहेर जाणार आहे. आवाज न होणं ऐकवणार नाही त्याला." एवढंच म्हणून ती मासे आवरायला आत गेली.

त्या वर्षी सरकार गेलं. पेट्या, कपाटं, गव्हर्नरच्या बायकोचा पियानो, दोन तोफा आणि माझी पणजी थॉमसीन अशा क्रमाने सगळं बोटीत चढवलं गेलं. गावातली निम्मी घरं रिकामी झाली. उरलेल्यांनी आपण मुळी राजधानीच नव्हतो असं वागायला सुरुवात केली, आणि ते कुणालाच जमलं नाही. ऑगस्टमध्ये लव्हडेला मुलगा झाला. त्याचं नाव हॅनिबल ठेवलं. जानेवारीत त्याला खोकला झाला, डॉक्टर अर्ध्या तासात आला, आणि पोरगं बरं झालं. लव्हडेने हे पत्रात लिहिलं. जाबेझने ते पत्र तीनदा वाचलं आणि सिसीलला म्हणाला, "बरं झालं गेली." हे बोलायला त्याला सगळा हिवाळा लागला होता.

मग चोवीस मे उजाडला. जाबेझ खरंच गावाबाहेर निघाला होता, होडीत. त्याला अजूनही वल्हवता येत नव्हतं, त्यामुळे व्हिक्टोरियाची बोट धक्क्याला लागली तेव्हा तो काठापासून जेमतेम वीस हात गेला होता. बोटीवरून आई उतरली. मागून लव्हडे, कडेवर नऊ महिन्यांचा हॅनिबल. मागून डिगोरी, हसत. आणि शेवटी होझिया, चार हमालांसोबत, एका जड पेटीपाशी. पेटीच्या फटीतून सोनं चमकत होतं.

"उलटा फिर!" आई काठावरून ओरडली. "का मी येऊ तिकडं?"

भट्टीसमोर अर्धं गाव जमलं. होझियाने पेटी उघडली. दोघा भावांच्या मध्ये ती सोनेरी ऐरण.

"दारावर चांगली दिसायची," होझिया म्हणाला. "पण गिऱ्हाईकं विचारायची, हिचा आवाज कसा आहे. मला सांगता येईना." तो थांबला. "दादा, मला एकट्याला उचलत नाही."

जाबेझने बघितलं. मग बाह्या सारल्या.

दारू तयार होती, सळई तापत होती, तेवढ्यात सगळं अडलं. पत्ते कुठून आणायचे? ट्रेगियरांचं घर कट्टर मेथडिस्ट, पत्त्यांना पाप मानणाऱ्या पंथाचं. चार पिढ्यांत घरात पत्त्याचं पान शिरलं नव्हतं. बापाच्या वेळी खाणीवरची पोरं पानं आणून द्यायची आणि आई दुसरीकडे बघायची. आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

डिगोरी खाकरला. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने एक जोड काढला. पानं वापरून वापरून मऊ झालेली होती.

"बोटीवर कुणाचा तरी राहिला होता," तो म्हणाला.

"डिगोरी," थॉमसीन म्हणाली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिने जावयाला अरे-तुरे केलं. "तू खेळतोस?"

"सासूबाई, मी नेहमी हरतो."

"मग ठीक आहे. आण इकडे."

पहिला बार उडाला तेव्हा नदीपलीकडचे कावळे उठले, आणि छोट्या हॅनिबलने तोंड उघडलं, पण रडायचं विसरला. प्रत्येक बाराला वरची ऐरण उडून बाजूला पडायची. ती उचलून पुन्हा उलटी बसवायची, तीही बरोबर भोकावर. एकट्याचं काम नव्हतं. "डावीकडे." "तुझ्या की माझ्या?" "बापाच्या!" "उचल." "उचललं." पाचव्या बाराला दोघं शिव्या देत होते, दहाव्याला हसत होते. पंधराव्याला सोन्याचा मुलामा सगळा जळून गेला आणि खालचं काळं, जुनं लोखंड दिसायला लागलं. एकविसाव्याला डिगोरीने मुद्दाम बदामाची राणी दिली. तोफेवरचा म्हातारा मर्डो टोपी काढून उभा राहिला. राणीचा वाढदिवस झाला.

लोक पांगायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "थांबा. घरचे दोन राहिलेत."

जाबेझने हॅनिबलच्या गालाला काळं बोट लावलं. "ह्याचा एक."

"आधी तिचा," लव्हडे म्हणाली. तिने मुलाला सिसीलकडे दिलं, डिगोरीच्या हातातून एक पान घेतलं आणि स्वतः ऐरणीवर ठेवलं. होझिया आणि जाबेझ यांनी वरची ऐरण उचलली आणि एवढी हळू ठेवली की आवाज आला नाही. सळई जाबेझने लव्हडेच्या हातात दिली.

मेलियोरचा बार त्या दिवशीचा सगळ्यात मोठा होता, असं आमच्या घरात सांगतात. लव्हडे रडली. जाबेझही रडला, आणि त्याने ते लपवलं नाही. मग हॅनिबलचा झाला, आणि तो मात्र मनसोक्त रडला.

संध्याकाळी परतीची बोट होती. होझियाने धाकटी ऐरण पुन्हा पेटीत घालायला घेतली.

"काय करतोस?" आई म्हणाली.

"घेऊन जातो, आई. दुकानाचं दार रिकामं आहे."

"राहू दे रिकामं. ऐरणी दोन्ही इथंच राहतील, ह्या खोडावर. मी तुझ्याकडे राहीन, लव्हडेकडे राहीन, पोरं जिथं होतील तिथं राहीन. राजधानी त्यांनी कुठंही न्यावी. पण चोवीस मेला सगळ्यांनी इथं यायचं. लग्न असो, आजारपण असो, दुकान असो. मी मेल्यावरसुद्धा."

जाबेझने होझियाकडे बघितलं. होझियाने डिगोरीकडे बघितलं. सवयीने डिगोरी डोकी मोजायला लागला होता, पण लव्हडेने त्याचा हात खाली ओढला.

ह्या ठरावावर मतं मागितली गेली नाहीत. आम्ही अजून दरवर्षी येतो.